कोरगुट पळवलं कोणी?

गोव्यातल्या ग्रुपांवर एक मेसेज जोरात फिरतोय. म्हणे, फिलिपिन्सच्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने आपली गावठी बियाणी पळवली, बदल्यात 'जया' आणि 'ज्योती' ही सुधारित भातं गळ्यात मारली, म्हणून खाजनातलं, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतांतलं, कोरगुट हे खार सोसणारं गावठी भात संपलं.

आधी जया-ज्योतीचं बघू. दोन्ही फिलिपिन्सची नाहीतच. जया १९६८ साली आपल्याच देशाच्या भात सुधार प्रकल्पातून आली. तिच्या आईबापांपैकी एक वाण तैवानचा, दुसरा ओडिशाचा. ज्योती केरळातल्या पट्टांबीची.

आता 'पळवली'. त्या संस्थेच्या बीजपेढीत सव्वा लाखाहून जास्त नमुने आहेत, हे खरं. पण १९९४ पासून ती त्यांची मालक नाही, विश्वस्त आहे. मागेल त्याला बी मिळतं, आणि घेणाऱ्याला मिळालेल्या बियाण्यावर हक्क सांगून इतरांची वाट अडवता येत नाही. कंबोडियात युद्ध आणि उपासमारीत गावठी भातं नष्ट झाली, तेव्हा याच पेढीतून सातशेहून अधिक वाण त्या देशाला परत गेले. संस्थेच्या चुका काढायच्याच तर तिचं १९६६ चं 'आयआर-८' हे भात घ्या. पीक भरघोस, पण खत-पाण्याला खादाड आणि भात गार झाला की कडक. आमच्या पेजेला तो कोण घेणार?

खरी गोम बांधात आहे. मानस म्हणजे बांधातली पाण्याची झडप. तिचं दार भरतीला मिटतं, ओहोटीला उघडतं. खारं पाणी बाहेर राहतं. पूर्वी हे बघायची 'गावकरी', म्हणजे गावाची सामाईक जमीन सांभाळणारी जुनी संस्था. १९६४ च्या कूळ कायद्यानंतर जबाबदारी कुळांच्या संघटनांकडे आली आणि बऱ्याच ठिकाणी कोणाचीच राहिली नाही. त्यात मानशीच्या मासळीचा लिलाव. आमच्याकडे एका मानशीत दाराखाली ओंडका अडकवलेला मी स्वतः पाहिलाय. दार उघडं राहतं, भरतीबरोबर सुंगटं (कोळंबी) आत येतात, आणि खारही. कोरगुट खार सोसतं हो, पण बारमाही साठलेलं खारं पाणी नाही. फुटलेला बांध दुरुस्त करायला फिलिपिन्सहून कोण येणार होतं?

आणि कोरगुट संपलंही नाही. जुन्या गोव्याच्या केंद्रीय तटीय कृषी संशोधन संस्थेने कोरगुटातूनच निवडून 'गोवा धान १' आणि '२' हे खार सोसणारे वाण दिलेत.

मेसेज मला पाठवणाऱ्या शेजाऱ्याचं खाजन सात वर्षं पड आहे. तिथली तिवरं आता कमरेएवढी झालीत.