ध्रुवतारा सगळ्यात तेजस्वी? नाही हो

सोलापूरच्या ग्रुप्सवर दोन दिवस एक फॉरवर्ड फिरतंय, की ध्रुवताऱ्याची प्रत (तारा आपल्याला किती तेजस्वी दिसतो त्याचा आकडा) 2 आणि व्याध ताऱ्याची उणे 1.46, म्हणजे ध्रुव जास्त तेजस्वी. उलटंय सगळं! प्रतीचा आकडा जितका लहान तितका तारा जास्त चमकदार, उणे असला तर अजूनच. जुने ग्रीक लोक ठळक ताऱ्यांना पहिला नंबर द्यायचे आणि जेमतेम दिसणाऱ्यांना सहावा, तेच पुढं चालू राहिलं, मग 1856 मध्ये पॉगसन या इंग्रज खगोलशास्त्रज्ञानं त्याला गणितात बसवलं, 5 प्रतींचा फरक म्हणजे प्रकाशात 100 पट, म्हणजे एका प्रतीला साधारण अडीच पट. त्या हिशोबानं व्याध ध्रुवापेक्षा जवळपास 24 पट तेजस्वी दिसतो.

पटत नसेल तर थंडीत रात्री गच्चीवर जाऊन बघा की, व्याध सोलापूरच्या लाइटातबी लगेच सापडतो, ध्रुव मात्र उत्तरेला क्षितिजापासून जेमतेम 18 अंश वर, समोर बिल्डिंग असली की संपलं, त्यापेक्षा हिप्परगा तलावाकडं जावा.

आता ध्रुव खरोखर लई प्रकाश टाकतो हे बरोबर, पण तो 400 प्रकाशवर्षांच्याही पलीकडं आहे आणि व्याध फक्त 8.6. दोघांना सारख्या अंतरावर ठेवलं तर ध्रुवच जिंकेल, पण ती सारख्या अंतरावरून धरलेली निरपेक्ष प्रत, फॉरवर्डमधले आकडे तिचे नाहीत.