गरम पाण्याने निवळी कडक होत नाही

बाकी लेख छान आहे, पण 'चुन्याची निवळी कडक हवी असेल तर उकळतं पाणी घ्या, गरम पाण्यात चुना जास्त विरघळतो' हे वाक्य साफ चुकलंय. साखर-मिठाचा नियम चुन्याला लागू नाही, त्याचं गणित उलटं आहे. २० अंशांना लिटरभर पाण्यात साधारण १.७ ग्रॅम विझलेला चुना (कॅल्शियम हायड्रॉक्साइड) विरघळतो, आणि पाणी उकळायला लागलं की त्याच्या निम्म्याहूनही कमी. शाळेच्या प्रयोगशाळेत मी वीसेक वर्षं निवळी करतोय. नवखा असताना मीही घाईत बर्नरवर बीकर ठेवला होता. आरशासारखी स्वच्छ निवळी बघता बघता दुधाळ झाली. एरवी ती श्वासातल्या कार्बन डायऑक्साइडने दुधाळ होते, इथे फुंकर न मारताच! मुलं म्हणाली, सर, यात कार्बन डायऑक्साइड कुठून आला? बीकर नळाखाली धरला तर गढूळपणा बराचसा ओसरला. कार्बन डायऑक्साइडने न विरघळणारं कार्बोनेट झालं असतं तर तो नुसत्या थंडाव्याने गेला नसता; म्हणजे तो गरम पाण्यातून बाहेर पडलेला चुनाच होता.

गंमत म्हणजे कॅल्शियमच्याच गटातल्या बेरियमचा हायड्रॉक्साइड गरम पाण्यात भरपूर विरघळतो. मॅग्नेशियमचा जवळपास विरघळतच नाही, म्हणून तर तो पित्ताच्या पांढऱ्या औषधात चालतो. पण 'कमी विरघळतो म्हणजे सौम्य' असं चुन्याबाबत समजू नका. निवळीचा पीएच १२.४ च्या आसपास, म्हणजे तीव्र अल्कलीचा असतो. डोळ्यात उडाली तर लगेच भरपूर पाण्याने धुवा आणि डॉक्टर गाठा. निवळी करायची तर थंड पाणी, जास्तीचा चुना, रात्रभर झाकण. सकाळी वरचं अलगद ओतून घ्या.