पेपरलेस झालात, छान. आता त्या साडेअडतीस गोळ्यांचं बोला

आज परत तोच फॉरवर्ड. ‘आमचं हॉस्पिटल पेपरलेस, औषधांच्या चुका शून्य!’ खाली अभिनंदनांची रांग. डोकं फिरलं.

जुलै 2013. सॅन फ्रान्सिस्कोचं यूसीएसएफ, तिथल्या विद्यापीठाचं हॉस्पिटल. महागडं सॉफ्टवेअर, गोळ्या पॅक करणारा रोबोट, बारकोड, सगळं होतं. सोळा वर्षांचा मुलगा, वजन 38.6 किलो, को-ट्रायमॉक्साझोल हे अँटिबायोटिक चालू. 40 किलोच्या आत डोस वजनावर काढायचा, हा तिथला नियम. किलोला 5 मिग्रॅ, म्हणजे 193. गोळी 160 ची. फार्मासिस्ट म्हणाला, ऑर्डर 160 ची करून द्या. डॉक्टरने 160 टाइप केलं, पण एकक ‘मिग्रॅ/किलो’च राहिलं. संगणकाने इमानेइतबारे गुणाकार केला. एका गोळीच्या साडेअडतीस झाल्या!

इशारा आला होता हो! डॉक्टरला आला, फार्मासिस्टलाही आला. दोघांनी बंद केला. फालतू कारणांवरून दिवसभर चौकटी उघडत राहिल्या की बोट आपोआप ‘ओके’वर जातं. आणि बारकोड? तो एवढंच सांगतो की हातातली गोळी ऑर्डरमधली आहे. ऑर्डरच चुकली असेल, तर तो चुकीवर शिक्का मारतो.

कागद यापेक्षा वाईट, मान्य. ‘.5’ चा 5 होतो, इन्सुलिनच्या आकड्यापुढचा ‘U’ (म्हणजे युनिट) शून्यासारखा दिसला की डोस दहापट. बास, एवढंच मान्य.

आपल्याकडे तर पट्टी कापून चार गोळ्या दिल्या की बारकोड राहतो उरलेल्या तुकड्यावर. स्कॅन काय करणार, कपाळ? रुग्णाच्या मनगटपट्टीची जादा प्रत ट्रॉलीला चिकटवलेली दिसली, तर रुग्णाऐवजी तीच स्कॅन होते; तिथलं स्कॅनिंग निव्वळ नाटक समजा.

यूसीएसएफमध्ये त्या मुलाला गोळ्या देणाऱ्या सिस्टरवर मात्र राग येत नाही. दुसऱ्या वॉर्डातून त्या रात्रीपुरती आलेली. एवढ्या गोळ्या बघून तिला खटकलं होतं, पण स्क्रीन म्हणत होता बरोबर. मुलाला फिट आली. वाचला, नशीब. आपल्याकडे सिस्टरने रात्री दोनला फोन केला तर डॉक्टर काय ऐकवतात, ते इथल्या सगळ्यांना ठाऊक आहे. मग कोण करेल फोन?

सॉफ्टवेअरवाला डेमोला आला की रंगीत ग्राफ बघत बसू नका. 38.6 किलोचा रुग्ण घ्या, 160 मिग्रॅ/किलो टाका. नुसती पिवळी चौकट येऊन ऑर्डर पुढे सरकली, तर त्याला चहा पाजा आणि परत पाठवा. कमाल डोसच्या वर ऑर्डर अडलीच पाहिजे, आणि बिनकामाचे इशारे कोण, किती दिवसांत काढणार, ते करारात लिहून घ्या.