सातबारा नसलेल्या माणसाच्या पाठीवरचा पंप

फवारणीच्या विषबाधेनं माणूस दगावला की पहिला प्रश्न ठरलेला असतो. हातमोजे घातले होते का? तोंडाला मास्क होता का? अधिकारी विचारतात, कंपनीची माणसं विचारतात, बातमी वाचणारे आपणही विचारतो. मला या प्रश्नाचा मनापासून संताप येतो. गेलेल्या माणसालाच त्यात आरोपी करून टाकलेलं असतं, आणि मग पुढचं काहीच कुणी विचारत नाही.

२०१७ चा खरीप आठवून बघा. एकट्या यवतमाळ जिल्ह्यात त्या हंगामात फवारणीनं वीसहून जास्त माणसं गेली, शेकडो दवाखान्यात भरती झाली. त्या वर्षी पऱ्हाटी, म्हणजे कपाशीचं झाड, माणसाच्या डोक्याएवढी वाढली होती. एरवी खाली झाडावर पडणारा फवारा तोंडासमोर, डोक्याच्या वर मारावा लागत होता. अळी रोखण्यासाठीच्या बीटी बियाण्याला बोंडअळी दाद देईना, म्हणून एकाच पंपात दोन-तीन औषधं कालवली जात होती. सल्ला कुणाचा, तर ज्यानं औषध विकलं त्याचाच. त्यात बारीक तुषार उडवणारे नवे पंप आणि ऑगस्ट-सप्टेंबरचा दमट उकाडा. अंगातला शर्ट औषधानं भिजायचा आणि दिवसभर अंगावरच सुकायचा. कुणाला उलट्या सुरू झाल्या, कुणाला डोळ्यांनी दिसेनासं झालं.

हा पंप कुणाच्या पाठीवर असतो? काही ठिकाणी लहान शेतकरी स्वतःच मारतो. पण कितीतरी गावांत हे काम भूमिहीन मजुराचं असतं. निंदणापेक्षा फवारणीला मजुरी जास्त मिळते, म्हणून घरातला तरणा गडी तिकडे जातो. आज या वावरात, उद्या त्या वावरात, सगळा हंगाम. शेतमालकापेक्षा कितीतरी जास्त विष त्याच्या अंगात जातं.

आता सरकारी मदतीचं बघा. गोपीनाथ मुंडे यांच्या नावानं शेतकरी अपघाताची योजना आहे. मृत्यू झाला तर कुटुंबाला २ लाख रुपये. पात्र अपघातांच्या यादीत जंतुनाशकं हाताळताना झालेली विषबाधा स्पष्ट लिहिलेली आहे. म्हणजे हा धोका सरकारला पक्का ठाऊक आहे. पण लाभार्थी कोण? सातबाऱ्यावर नाव असलेला खातेदार आणि त्याच्या कुटुंबातला आणखी एक सदस्य. ज्याच्या घरात कुणाच्याच नावावर जमीन नाही तो मजूर त्यात बसतच नाही. त्याच वावरात, त्याच औषधानं मेला तरी नाही. मोठी घटना घडली, पेपरांत आली, की खास मदत जाहीर होते. पण ज्या वर्षी एखाद्या आडगावात एकटाच मजूर मरतो, त्या वर्षी त्याच्या बायकोनं कोणत्या कार्यालयात जायचं? मला हा सगळ्यात मोठा अन्याय वाटतो, आणि एका शासन निर्णयानं तो दुरुस्त होऊ शकतो.

हातमोज्यांकडे परत येतो. संयुक्त राष्ट्रांची अन्न व कृषी संघटना आणि जागतिक आरोग्य संघटना यांची कीटकनाशकांबाबत एक आचारसंहिता आहे. त्यात म्हटलंय की जी औषधं वापरताना त्रासदायक, महाग किंवा सहज न मिळणारी संरक्षक साधनं लागतात, ती टाळावीत. विशेषतः उष्ण हवामानातल्या लहान शेतकऱ्यांच्या आणि शेतमजुरांच्या बाबतीत. तो प्लास्टिकचा कोट आणि गॉगल घालून सप्टेंबरच्या दुपारी पऱ्हाटीत तासभर चालून बघा, घामानं काच धूसर होते आणि जीव गुदमरतो. किट वाटून फोटो काढणं सोपं आहे. लाल त्रिकोणाचं, म्हणजे सगळ्यात विषारी गटातलं औषध दुकानातून काढणं अवघड आहे, कारण तिथं धंद्याशी गाठ पडते.

कायदाही जुना, १९६८ चा. राज्याला एखाद्या औषधाची विक्री थांबवायची तर त्या कायद्यानं तात्पुरतीच थांबवता येते, मुळात ६० दिवस. कायमची बंदी केंद्राच्या हातात. २०१७ मध्ये राज्यानं पाच औषधांवर अशी तात्पुरती बंदी घातली, मुदत संपली. मोनोक्रोटोफॉस या कीटकनाशकाच्या घातकपणाबद्दल कितीतरी आधीपासून बोललं जात होतं. २०१३ मध्ये बिहारमध्ये माध्यान्ह भोजनातून तेच पोटात गेलं आणि २३ मुलं दगावली. भाजीपाल्यावर वापरायला ते त्याआधीच मनाई होतं. तरी त्याच्या नेहमीच्या द्रावणावर केंद्राची बंदी यायला २०२३ उजाडलं. श्रीलंकेनं हे औषध १९९५ मध्येच बंद केलं होतं, आणि त्यामुळे तिथली शेती बुडाली नाही.

दवाखान्याचंही बोललं पाहिजे. मोनोक्रोटोफॉससारख्या ऑरगॅनोफॉस्फेट गटातल्या विषावर अ‍ॅट्रोपिन हे जुनं, माहितीतलं औषध आहे, पण ते वेळेवर आणि पुरेसं मिळायला हवं. शिवाय पंपात नेमकं काय कालवलं होतं, हे डॉक्टरांना कळायला हवं. काही कीटकनाशकांवर तर उताराच नाही. मजुराला बाटलीवरचं नाव सांगता येत नाही, कारण मिश्रण दुसऱ्यानंच करून दिलेलं असतं. त्यात विष पोटात गेलं की अंगावाटे भिनलं, आत्महत्या की अपघात, ही पोलिसांची चौकशी सुरू होते. भेदरलेले नातेवाईक काय सांगणार?

माझी मागणी साधी आहे. कापूस पिकवणाऱ्या प्रत्येक गावात ग्रामपंचायतीनं फवारणी करणाऱ्या मजुरांची नोंद ठेवावी, आणि त्या नोंदीवर, सातबारा न मागता, अपघात योजनेचा लाभ मिळावा. हंगाम सुरू होण्याआधी आणि मध्यावर त्यांच्या रक्ताची कोलिनेस्टरेज तपासणी तालुक्यालाच व्हावी. ऑरगॅनोफॉस्फेटसारख्या विषाचा शरीरावर परिणाम होत चाललाय हे माणूस पडायच्या आधी त्यातून कळू शकतं. कृषी केंद्रवाल्यानं मिश्रणाचा सल्ला दिला तर तो बिलावर लिहून, सही करून द्यावा. ग्रामसभेत असा ठराव करायला पैसे लागत नाहीत. १ मेची ग्रामसभा पेरणीच्या आधी येते. विषय आठवडाभर आधी ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडे (पूर्वीचा ग्रामसेवक) लेखी द्या, पोच घ्या, आणि ज्यांच्या पाठीवर पंप असतो त्यांना सभेत पुढच्या रांगेत बसवा.