भूपाचा रिषभ आणि काकांचे कान

चाल सुचते तोवर मजा असते. तिच्याखाली कॉर्ड्स, म्हणजे एकदम दाबायचे सुरांचे जुडगे, कोणत्या लावायच्या हे ठरवायला बसलं की माणूस चिडचिडा होतो. त्यातून राहायला ग्वाल्हेर, लष्कर भागातला जुना वाडा आणि भिंतीपलीकडे काका.

हिशोब दिसायला सोपा. पांढरी एकचा (इंग्रजीत सी) षड्ज धरला, तर शुद्ध सुरांच्या साध्या कॉर्ड्स सातच, आणि कुठलाही सूर त्यांतल्या तिघींमध्ये सापडतो. आठ सुरांची चाल, प्रत्येक सुराला तीन पर्याय, म्हणजे एकूण ६,५६१. एवढी स्थळं आमच्या सरकारी नोकरीतल्या चुलतभावालाही सांगून आली नव्हती.

माझी चाल भूप रागातली. मध्यम-निषाद वर्ज्य, म्हणजे भानगडी कमी, असा आपला अंदाज. सा, ग, प आले की सी मेजर. धैवत आला की ए मायनर. ध, सा, ग, तिन्ही भूपाच्याच घरचे. भिंतीपलीकडे शांतता. मग रिषभ आला. रिषभाच्या तिन्ही कॉर्ड्स सोवळं मोडणाऱ्या! जी मेजरमध्ये निषाद, डी मायनरमध्ये मध्यम आणि बी डिमिनिश्डमध्ये तर दोघेही, हातात हात घालून.

जी मेजर हलकेच दाबली.

"भूपात निषाद कुणी आणला रे?"

डी मायनर.

"आता मध्यम! अरे, ख्यालगायक हद्दू-हस्सूखाँचं गाव हे!"

काकांना मुळात पेटीच मंजूर नाही. १९४० साली रेडिओने पेटीवर बंदी घातली, ते त्यांच्या मते इंग्रजी अमलातलं एकमेव पुण्यकर्म. माझा तर कीबोर्ड, तोही विजेवरचा. हेडफोन लावून बसलो तरी माझ्या चेहऱ्यावरून ते निषाद ओळखतात. गळा गोड व्हावा म्हणून लोक तानसेनाच्या समाधीजवळच्या चिंचेचा पाला चघळतात. कॉर्ड्ससाठी कुठलं झाड ओरबाडायचं, ते कुणी सांगत नाही.

शेवटी काका चहाचा कप घेऊन आत आले. "एवढा कसला खटाटोप? सा आणि प दाबून धर नि वर गा. तंबोऱ्याचं कधी रिषभावाचून अडलंय?"

धरले. मधे गंधारसुद्धा नाही. रिषभ त्यावर ऐटीत उभा राहिला, काकांची मान डोलायला लागली.

तेवढ्यात आमची लेक दारातून ओरडली, "बाबा, ही तर रॉकवाल्यांची पॉवर कॉर्ड! डिस्टॉर्शन लावा ना, एकदम मेटल वाजेल!"

काकांनी कप खाली ठेवला. "मेटल? हे कुठलं घराणं?"