व्हेंट बुजवून हेडलाइट कोरडा राहत नाही: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. तुम्ही मुद्देसूद लिहिलंत, म्हणून उत्तरही सविस्तर देतो. इतर वाचकांसाठी तुमचं म्हणणं थोडक्यात सांगतो. हेडलाइटच्या मागचे व्हेंट, म्हणजे हवा जा-ये करायची भोकं, मोकळे ठेवा हा माझ्या लेखातला सल्ला तुम्हाला उलटा वाटतो, कारण पाणी शिरतं ते त्याच भोकांतून. तुमच्या मेकॅनिकने दिवाळीनंतर ती भोकं आणि काचेची कड सिलिकॉनने बंद केली आणि मेपर्यंत आत थेंबही दिसला नाही. वीस रुपयांच्या सिलिका जेलच्या पुडीने जे होतं त्यासाठी हेडलाइट उतरवायला लावणं तुम्हाला पटत नाही. आणि ‘थोडं धुकं धरणारच’ हे सर्व्हिस सेंटरचं वाक्य मी जसंच्या तसं उचललं, अशी तुमची तक्रार आहे.

आधी व्हेंट. दिवाळी ते मे हा आपल्याकडे कोरडा काळ. त्या दिवसांत फुटक्या कडेचा हेडलाइटसुद्धा कोरडा दिसतो, कारण पाऊस नाही, हवेत बाष्प कमी आणि दुपारचं ऊन बोनेट तापवतं. त्यामुळे सिलिकॉनचा गुण आला की ऋतूचा, हे या सात महिन्यांवरून ठरत नाही. ते जुलैत कळतं.

आता आत काय घडतं ते पाहा. दिवा लागला की आतली हवा तापते. सरासरी तापमान २५ अंशांवरून ६० अंशांवर गेलं, तर हवा साधारण १२ टक्के प्रसरण पावते. व्हेंट मोकळे असतील तर तेवढी हवा बाहेर जाते. सगळं बंद असेल तर दाब वाढतो, दर चौरस सेंटिमीटरला सुमारे ०.१२ किलो. आकडा छोटा दिसतो, पण ४० बाय २० सेंटिमीटरच्या काचेवर हा एकूण जोर ९५ किलोच्या घरात जातो. तापलेली थोडी हवा जोडातून निसटली, तर दिवा बंद झाल्यावर जोर उलट्या दिशेने, आत ओढणारा. काच आणि मागची बॉडी यांच्यामधला सीलंटचा जोड हे सोसण्यासाठी केलेलाच नसतो. रोजच्या ताणाने तो कुठेतरी केसभर सुटतो. मग पावसात गरम दिवा बंद केला किंवा त्यावर गार पाणी पडलं की हेडलाइट त्या फटीतून हवेऐवजी पाणी ओढतो. म्हणजे बाष्पाची तक्रार बंद करायला जावं आणि गळती तयार व्हावी, असा हा प्रकार आहे.

शिवाय पुढची काच पॉलिकार्बोनेटची असते. हे प्लास्टिक थोडी ओल स्वतःत धरून ठेवतं आणि तापलं की सोडतं. बाष्प त्यातून अतिशय हळू आरपारही जातं. त्यामुळे पूर्ण बंद केलेल्या हेडलाइटमध्येही ओल येतेच. तिला बाहेर जायची वाट तेवढी उरत नाही.

मग व्हेंटमधून पाणी का शिरत नाही? कारण ते नुसतं भोक नसतं. काही गाड्यांत खाली तोंड केलेली रबरी एल-नळी असते, काहींत आत फोम असलेली टोपी, आणि नव्या गाड्यांत नाण्याएवढा सच्छिद्र टेफ्लॉनचा पडदा, ज्यातून हवा आणि बाष्प जातं पण पाण्याचा थेंब जात नाही. बहुतेक ठिकाणी एक व्हेंट वर आणि एक खाली असतो. खालून गार हवा येते, वरून गरम निघते. दोन्हींपैकी एक बुजला तरी हा प्रवाह थांबतो आणि बल्बपासून सगळ्यात लांबचा कोपरा, बहुधा इंडिकेटरच्या बाजूचा, धुरकटच राहतो.

व्हेंटमधून पाणी गेल्याची उदाहरणं असतात, हे मान्य. पण तिथे बहुतेकदा नळी निसटलेली असते, टोपी बंपरच्या कामात हरवलेली असते, किंवा वॉशिंग सेंटरवर बोनेट उघडून प्रेशरचा फवारा थेट मागच्या बाजूवर मारलेला असतो. इंजिनवर डिझेल किंवा तेलकट पॉलिश मारायची पद्धत तर हेडलाइटसाठी फार वाईट. तेलकटपणा बसला की पडद्याची सूक्ष्म छिद्रं बुजतात आणि त्याची पाणी अडवण्याची ताकदही जाते. डिझेलने बल्बमागची रबर कॅप फुगून सैल होते. नळी गेली असेल तर तशीच नळी बसवायची, भोक बुजवायचं नाही.

धुक्याबद्दल तुमचा राग मला समजतो. आत चमचाभर पाणी हिंदकळत असताना ‘हे नॉर्मल आहे’ असं सांगून ग्राहकाला परत पाठवलं जातं, हे खरं आहे आणि ते चूकच आहे. पण म्हणून प्रत्येक धुकं म्हणजे दोष असंही नाही. यात निवाडा करतं ते पाण्याचं प्रमाण. मोठा हेडलाइट घेऊ, आत १० लिटर हवा. पावसाळ्यात ३० अंशांना ९० टक्के आर्द्रता असेल तर तेवढ्या हवेत साधारण ०.२७ ग्रॅम पाणी असतं. रत्नागिरीहून आंबा घाट चढताना किंवा पहाटे पावसात काच २२ अंशांपर्यंत गार झाली, तर त्यातलं सुमारे ०.०८ ग्रॅम काचेवर जमतं. दीड-दोन थेंब. तेवढं काचेवर पसरलं की गार तांब्यावर दव धरावं तसं दिसतं आणि माणूस घाबरतो. काचेच्या प्लास्टिकमधून सुटलेली ओल धरली तरी हा हिशेब फार तर ग्रॅमभर जातो. तळाला पाच मिली पाणी साठलं असेल तर ते हवेतून आलेलं नाही, बाहेरून पाणी म्हणूनच आत शिरलं आहे.

म्हणून धुकं दोन्ही बाजूंना सारखं, पातळ, थेंब न ओघळणारं असेल आणि दिवा लावून अर्धा तास गाडी चालवल्यावर विरळ होत असेल, तर हात लावू नका. एकाच बाजूला असेल, टपोरे थेंब ओघळत असतील, तळाशी पाण्याची रेघ दिसत असेल किंवा रिफ्लेक्टरवर (प्रकाश पुढे फेकणाऱ्या आतल्या चकचकीत भागावर) मातकट वलय उमटलं असेल, तर ती गळती आहे. एक अपवाद ध्यानात ठेवा. एलईडी हेडलाइटमध्ये धुकं जास्त वेळ टिकतं. ५५ वॉटचा हॅलोजन आपली उष्णता काचेकडे फेकतो आणि काच वाळवतो. एलईडीची उष्णता मागच्या हीट सिंकमधून, म्हणजे उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या भागातून, निघते, काच गारच राहते. तिथे एक तास थांबून मगच निष्कर्ष काढा.

याच कारणाने हॅलोजनच्या हेडलाइटमध्ये बाजारातला एलईडी बल्ब घालणाऱ्यांना धुक्याचा त्रास सुरू होतो. वर त्या बल्बचा पंखा बसावा म्हणून रबर कॅप कापलेली असते. तुमच्या गाडीत तसं काही केलं असेल तर सिलिकॉनच्या आधी तिकडे बघा. आणि साधा एच-४ बल्ब बदलल्यावर ओल यायला लागली असेल, तर दहा मिनिटांचं काम आहे: कॅप काढा, ‘टॉप’ लिहिलेली बाजू वर करा, आतली कड बल्बच्या पत्र्यावर आणि बाहेरची कड हेडलाइटच्या गळ्यावर चहूबाजूंनी बोटाने दाबून बसवा, बल्बच्या तिन्ही पिना पुरेशा बाहेर आल्याशिवाय कपलर (वायरचा प्लग) लावू नका. माझ्या मते हे न तपासता हेडलाइट उतरवूच नये. यात तुमचं खर्चाबद्दलचं म्हणणं रास्त आहे.

सिलिका जेल आपल्या वजनाच्या साधारण तीस टक्के पाणी धरतं, म्हणजे १० ग्रॅमची पुडी तीनेक ग्रॅम. हेडलाइट रोज बाहेरची हवा घेत असतो, त्यामुळे ती पुडी चार महिन्यांचा पावसाळा पुरणं शक्य नाही. भरली की ती नुसती निरुपयोगी होत नाही; दिवा तापला की धरलेलं पाणी परत सोडते. त्याहून मोठी अडचण म्हणजे पुडी खड्ड्यांत हलते. ती हॅलोजन बल्बला टेकली तर वेष्टन वितळतं, जळतंही, आणि त्याचा धूर रिफ्लेक्टरवर कायमचा बसतो. गाडी उभी असताना, दिवा न लावता, एक-दोन रात्री दोरा बांधून पुडी आत ठेवायची आणि दोऱ्याने ओढून काढायची, एवढाच तिचा उपयोग.

तळाला ३ मिलिमीटरचं भोक पाडायचं तुमच्या मेकॅनिकने सुचवलंय, तेही करू नका. साठलेलं पाणी निघेल, पण त्याच भोकातून चाकाने उडवलेला चिखल आणि उन्हाळ्यातली धूळ आत ओढली जाईल. रिफ्लेक्टरवरचा ॲल्युमिनियमचा थर इतका पातळ असतो की मऊ कापडानेही ओरखडे पडतात, त्यामुळे आत गेलेली घाण पुसता येत नाही. वॉरंटी जाते ती वेगळीच.

गळती असेल तर ती शोधावी लागते, आणि त्यासाठी हेडलाइट उतरवण्याला खरंच पर्याय नाही. बऱ्याच गाड्यांत खालचा बोल्ट बंपरमागे असतो, तेव्हा बंपर आधी. दिवे बंद, बॅटरीची निगेटिव्ह वायर काढलेली. झेनॉनचा हेडलाइट असेल तर स्वतः उघडूच नका, त्याचा बॅलास्ट, म्हणजे बल्बला वीज पुरवणारा डबा, हजारो व्होल्ट तयार करतो. बाहेर आल्यावर एक व्हेंट सोडून बाकीचे टेपने बंद करा, उरलेल्यात नळी घालून तोंडाने हळू फुंका आणि ब्रशने साबणाचं पाणी काचेची कड, प्रकाशाची दिशा बदलणाऱ्या ॲडजस्टरचे स्क्रू, होल्डरचे गळे आणि हेडलाइट बसवायच्या तुटलेल्या कानांच्या मुळाशी लावत जा. जिथे बुडबुडे येतील तिथे मार्करने खूण. टायरची हवा भरायचा कॉम्प्रेसर लावू नका, चांगला जोडही उकलेल. एलईडीचा ड्रायव्हर (तिला वीज पुरवणारं सर्किट) बसवलेला हेडलाइट पाण्यात बुडवूही नका.

फट बुजवण्याआधी आतून वाळवायचं. सगळ्या कॅप काढून, मागची तोंडं खाली करून पंख्यासमोर रात्रभर, किंवा हेअर ड्रायर कमी उष्णतेवर २५-३० सेंटिमीटर लांबून, हलवत. हीट गन नको, काचेला लाटा येतात. मग फटीची जागा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. पेट्रोल किंवा थिनर लावलंत तर पॉलिकार्बोनेटला बारीक तडे जातात. सिलिकॉन न्यूट्रल क्युअरचंच, म्हणजे वाळताना आम्ल न सोडणारं घ्या. व्हिनेगरसारखा वास येतो ते ॲसिटिक असतं. त्याची वाफ आत कोंडली की रिफ्लेक्टर काळवंडतो आणि होल्डरच्या पिना गंजतात. फेविक्विकसारखा सायनोॲक्रिलेट डिंकही नको, त्याच्या वाफेने काचेवर आतून पांढरी झाक येते. सिलिकॉनची ४-५ मिलिमीटरची अखंड पट्टी खुणेच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन सेंटिमीटर पुढे न्या आणि २४ तास कॅप उघड्या ठेवून वाळू द्या. मग पुन्हा साबणाचं पाणी. काचेलाच तडा असेल तर हे सगळं तात्पुरतं आहे, असेंब्ली, म्हणजे अख्खा हेडलाइट, बदलावी लागेल.

गाडी वॉरंटीत असेल तर यातलं काहीही स्वतः करू नका. मोकळ्या जागी, गार गाडीवर दहा मिनिटं पाइपने साधं पाणी सोडा, प्रेशर नको. मग इंजिन चालू ठेवून लो बीम लावा आणि सुरुवातीला, १५ मिनिटांनी, ३० मिनिटांनी फोटो काढा. ते दाखवून जॉब कार्डवर ‘हेडलाइटमध्ये पाणी साचतं’ असं लिहून घ्या. नुसतं ‘फॉगिंग’ लिहिलं तर उत्तर ठरलेलं असतं.

राहिली तुमची सध्याची गाडी. काचेच्या कडेवरचं सिलिकॉन राहू द्या, ते व्हेंटइतकं नडत नाही. व्हेंटवरचं मात्र पाऊस लागायच्या आत काढा. नळी असेल तर ती ओढून काढा, आतला गोळा बाहेर काढा, फुंकून पाहा आणि तोंड खाली ठेवून परत बसवा. पडदा असेल तर सिलिकॉन कडेपासून नखाने सोलायचं, सुई किंवा पोकर घालायचा नाही. सोलताना पडदा निघाला तर चिकटवायचा नवा व्हेंट पॅच मिळतो, तो लावा. गाडीचं मॉडेल, साल आणि बल्ब हॅलोजन आहे की एलईडी एवढं कळवा, म्हणजे तिचे व्हेंट कुठे असतात आणि बंपर न काढता हात पोहोचतो का, ते सांगतो.