गुलाबी शहरातली निळी सुरई

जयपूरला जाण्यापूर्वी मी पंधरा दिवस अभ्यास केला होता. सवाई जयसिंगांनी 1727 साली हे नगर वसवले, विद्याधर भट्टाचार्य यांनी त्याची नऊ चौकटींत आखणी केली, 1876 मध्ये इंग्लंडचे युवराज येणार म्हणून सगळे शहर गुलाबी रंगवले गेले, असा मजकूर मी वहीत सुवाच्य अक्षरात उतरवून घेतला होता. हिनेही एक वही केली होती. माझ्या वहीत वास्तू होत्या. तिच्या वहीत एक नणंद, दोन जावा आणि वरच्या मजल्यावरच्या काकू होत्या, आणि प्रत्येकीच्या नावापुढे चादर, दुपट्टा, लाखेच्या बांगड्या, मोजडी अशी नोंद होती. या दोन वह्यांपैकी कोणत्या वहीप्रमाणे सहल होणार, याची शंका मला डोंबिवलीतच यायला हवी होती.

सकाळी आठला येतो म्हणालेला रिक्षावाला साडेआठला आला. पहिला मुक्काम जंतरमंतर. तिथले सम्राट यंत्र म्हणजे 27 मीटर उंचीचे दगडचुन्याचे सूर्यघड्याळ असून त्याच्या सावलीवरून दोन सेकंदांपर्यंत अचूक वेळ वाचता येते. मी मोठ्या भक्तिभावाने ती वाचली, तर ती माझ्या मनगटावरच्या घड्याळाशी जवळजवळ अर्ध्या तासाने जुळेना. तेव्हा हे यंत्र जयपूरच्या सूर्याप्रमाणे चालते आणि आपली प्रमाणवेळ पार मिर्झापूरजवळच्या रेखावृत्तावरून येते, म्हणून हा फरक पडतो, असे मी हिला समजावून सांगितले. ते नेमके रिक्षावाल्याने ऐकले. "देखिए साहब, मैं तो टाइम पर ही आया था," असे तो म्हणाला आणि अठराव्या शतकातल्या खगोलशास्त्राचा आधार घेऊन उरलेले दोन दिवस अर्धा तास उशिरानेच येत राहिला.

हवामहालासमोर त्याने पाच मिनिटे दिली. 1799 साली बांधलेल्या, 953 खिडक्यांच्या त्या पाच मजली वास्तूचा दर्शनी भाग म्हणजे प्रत्यक्षात तिची रस्त्याकडची पाठ आहे, आत शिरायचे तर मागच्या बाजूने जावे लागते, आणि वर चढायला जिन्यांऐवजी उतरत्या फरसबंद वाटा आहेत, हे सगळे मला आत जाऊन पाहायचे होते. पण रिक्षावाल्याला आमच्यासाठी एक कारखाना पाहायचा होता. "बस दस मिनट, देखने का कोई पैसा नहीं."

त्या दहा मिनिटांत दुपारचे जेवण बुडाले.

कारखाना म्हणजे पुढे एक लांबलचक टेबल आणि मागे तीन मजली दुकान. टेबलावर एका वृद्ध कारागिराने आमच्यासमोर हत्ती छापला. आधी रेखेचा ठसा उमटवून बाह्याकृती, मग दत्त्याच्या ठशाने आतला रंग, प्रत्येक रंगाला लाकडाचा वेगळा ठसा, आणि ठसा ठेवला की त्यावर मुठीचा एक ठोका. ठशात हवा अडकू नये म्हणून त्याला बारीक भोके पाडलेली असतात, हेही त्यांनी दाखवले. हे खरोखर पाहण्यासारखे होते, आणि तो सबंध दिवसात मी मनापासून पाहिलेला एकमेव प्रकार होता, हे मान्य केले पाहिजे. मात्र हत्तीचा हिरवा रंग झुलीबाहेर किंचित आलेला पाहून मी तसे बोललो, तेव्हा मालक प्रसन्न हसून म्हणाले, की हीच तर हातकामाची खूण. म्हणजे रेघ जुळली तर कारागिरी आणि नाही जुळली तर अस्सलपणा! ही सोय माझ्या कचेरीतल्या ताळेबंदाला मिळाली असती, तर माझी बढती रखडली नसती.

घासाघीस ही माझी बाजू. सांगितलेल्या किमतीच्या निम्म्याने मागावे, या वडिलोपार्जित नियमाने मी 2400 रुपयांची चादर 1200 ला मागितली. मालकांनी "ले जाइए" म्हणत इतक्या तत्परतेने कागद फाडला, की 800 म्हटले असते तर काय झाले असते, हा विचार मला अजून रात्री जागवतो. त्या धक्क्यातून सावरेपर्यंत हिने एक रजई घेतली होती. पाव किलो कापसाची ही रजई वजनाला नसल्यासारखी आणि उबेला मात्र थेट शेकोटी, असे तिचे वर्णन झाले. आमच्याकडे जानेवारीतही पंखा दोनवर असतो, हे मी सांगून पाहिले.

आणि मग ती सुरई दिसली. जयपूरची निळी पॉटरी कुंभाराच्या मातीची नसते. गारगोटीची पूड, काच, मुलतानी माती आणि डिंक एकत्र मळून ती साच्यात घडवतात, वर कोबाल्टच्या निळ्या रंगाने नक्षी काढतात आणि भट्टीत एकदाच भाजतात. हे मला माझ्या वहीतून ठाऊक होते आणि माझ्या दुर्दैवाने मी ते मोठ्याने वाचून दाखवले. एवढी माहिती असलेल्या माणसाने ती वस्तू न घेणे अपमानास्पद दिसले असते. दीड हात उंचीची ती सुरई वर्तमानपत्रांत गुंडाळून माझ्या मांडीवर आली आणि घरी पोहोचेपर्यंत उतरली नाही.

सिटी पॅलेस मी तिला कवटाळूनच पाहिला. तिथे चांदीच्या दोन अजस्र गंगाजळ्या आहेत, प्रत्येकी सुमारे 345 किलो वजनाच्या. 1902 मध्ये सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकाला जाताना महाराजा माधोसिंगांनी विलायतेपर्यंत गंगाजल पुरावे म्हणून असल्या घागरी बोटीवर चढवल्या होत्या. ही त्यांच्यापुढे बराच वेळ उभी राहिली. "बघा, महाराज एवढे घेऊन साता समुद्रापार गेले, आणि तुम्हाला एक सुरई डोंबिवलीला नेववत नाही." महाराजांच्या दिमतीला भरपूर नोकरचाकर होते, हे मी मनातल्या मनात म्हणालो.

परतीच्या गाडीत वर्तमानपत्रांवर विश्वास न बसल्यामुळे आम्ही सुरईला रजईत गुंडाळले आणि खालच्या बर्थवर निजवले. मी रात्रभर तिच्या पायथ्याशी बसून राहिलो. तिकीट तपासनिसाने आवाज खाली आणून "तब्येत ठीक नाही का?" अशी विचारपूसही केली.

सुरई सुखरूप पोहोचली. दिवाणखान्यात ठेवली तर नातवाचा चेंडू, स्वयंपाकघरात ठेवली तर मिक्सरचा हादरा, आणि धुणेभांडी करणाऱ्या मावशींनी तर तिला हात लावणार नाही असे पहिल्याच दिवशी बजावले. आता ती माळ्यावर आहे, रजईसकट. आमच्या घरात त्या रजईची गरज असलेली ती एकटीच आहे.